ग्राफिक कार्ड आणि सोळा सोमवार

महादेवाच्या देवळातले दिवे गेले, तेव्हा रिताच्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि ओठांवर अर्धा श्लोक.

दिवे म्हणजे विजेचे. समईतली वात आपली शांतपणे जळतच होती. पण गाभाऱ्यातला बल्ब, मंडपातली ट्यूब, पुजाऱ्यानं लावलेली भजनं, सगळं एका झटक्यात गप्प. आणि त्या गप्पपणात मंडपाच्या कोपऱ्यातून एक आवाज मात्र चालूच... घर्र, घर्र. जशी कुणी देवळात आटाचक्की आणून बसवली!

रितानं आधी श्लोक पुरा केला. पिंडीवर पाणी घातलं, बेलाचं पान सरळ केलं. देवाचं काम अर्ध्यावर टाकून उठायची तिची रीत नव्हती. मगच ती वळली.

खांबाला टेकून एक तरुण बसला होता. मांडीवर जाडजूड काळा लॅपटॉप, शेजारी विटेएवढा चार्जर, आणि चार्जरची वायर थेट देवळाच्या बोर्डात.

"लाईट तुम्ही घालवली काय?"

"मी? नाही... म्हणजे..." त्यानं वायरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "वाटते, मीच."

"देवाच्या घरी येऊन करंटची चोरी?"

"चोरी नाही जी. प्रसाद समजून घेऊन राहिलो होतो."

रिताला हसू आलं. देवळात कसं हसावं म्हणून तिनं ते ओढणीत लपवलं आणि बोर्डाचा पडलेला खटका वर केला. दिवे आले, भजनंही आली. तो ओशाळून लॅपटॉप मिटायला निघाला, तर ती म्हणाली, "बंद नका करू." आणि वाकून त्या घरघरीकडे कान दिला. "कधीपासून ओरडून राहिला हा?"

"दिवाळीपासून. पडद्यावर रेघा पण येतात. ग्राफिक कार्ड दमलं वाटते. म्हणून तर तुमसरले आलो. इथे शेजारी 'परसराम रेडिओ सर्व्हिस' म्हणून दुकान आहे न, त्याचं शटर अजून खालीच. इतकं ऊन आलं, तरी दुकानदार झोपूनच आहे बाप्पा!"

"दुकानदार झोपून नाही," रिता ओढणीची गाठ सोडता सोडता म्हणाली. "महादेवाले पाणी घातल्याबिगर दुकान उघडत नाही."

गाठीतून किल्ल्या निघाल्या. त्यानं किल्ल्यांकडे पाहिलं, तिच्या कपाळावरच्या ओल्या भस्माकडे पाहिलं, आणि धानाच्या बांधीवरून वारा सरकत जावा तसं हसू त्याच्या चेहऱ्यावरून सरकत गेलं.

"म्हणजे मी बराबर जागी वाट पाहून राहिलो होतो..."

त्याचं नाव कुलदीप. गाव चिखला. वडील मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली काम करणारे, आणि घर खाणीच्या कॉलनीत. तो स्वतः लग्नांचे व्हिडिओ जोडून द्यायचा आणि उरलेल्या वेळात एक गेम बनवायचा. गेमही कसला — त्यात बंदुका नाहीत, गाड्या नाहीत. कपाळावर दिवा लावून एक माणूस खाणीत उतरतो आणि अंधारात वाट चुकलेल्या सोबत्यांना एकेक करून वर आणतो.

"हे आमचे बाबूजी," त्यानं पडद्यावरच्या माणसाकडे बोट केलं. "चालणं पाहा. डावा पाय जरासा ओढतात. लय मेहनतीनं आणलं ते."

हा गेम त्याला हैदराबादच्या एका कंपनीला दाखवायचा होता. पसंत पडला तर नोकरी. पण नागपुरातल्या कुठल्या हॉस्टेलातून हात बदलत आलेला तो जुना गेमिंग लॅपटॉप, खाणीतल्या दगडावर दिव्याचा उजेड पडला की थिजून जायचा. बाबूजी एक पाय उचलून तसेच उभे.

दुकानावरची पाटी रिताच्या वडिलांच्या नावाची. ते आता करडी गावाला धानाची शेती पाहत. रेडिओ गेले, पाटी राहिली, आणि पाटीखाली रिता मोबाईल-लॅपटॉप दुरुस्त करत बसायची. टेबलावर एका बाजूला सोल्डरिंगची सळई, दुसऱ्या बाजूला महादेवाची तसबीर. सळईचा धूर आणि उदबत्तीचा धूर वर जाऊन एकमेकांत मिसळायचे.

तिनं लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं. "नव्या लॅपटॉपात ग्राफिकची चिप मोठ्या बोर्डालेच चिकटून येते. ती बदलता येत नाही. पण हा जुना आहे न... हे पाहा." आत तळहाताएवढं एक वेगळं कार्ड होतं, स्क्रूंनी बसवलेलं. "हे निघते. याच्या जागी जास्त ताकदीचं बसवता येईन. भेटलं तर."

"नागपूरले तर म्हणाले, फेकून द्या."

"म्हातारं झालं म्हणून कोणी फेकते काय?"

हे ती इतकं हळू बोलली, की त्याला टेबलावर वाकून ऐकावं लागलं. "मॅडम, तुमचा आवाज वाढवायचं बटन कुठे आहे?"

"नाही दिलं कंपनीनं."

"मंग माह्याच कानाले कामाले लावतो," तो म्हणाला. आणि तेव्हापासून तो तिच्याशी बोलताना वाकूनच बसू लागला.

नागपूरच्या जुने भाग विकणाऱ्याकडून पहिलं कार्ड आलं, तर उष्णता ओढून घेणारी तांब्याची नळी त्याच्यावर बसेना. भोकं जुळत नव्हती. ते परत गेलं. दुसऱ्याची वाट पाहणं आलं. एका फोनवर भागलं असतं, पण कुलदीप चिखल्याहून यायचा तो स्वतः. "आलं काय?" म्हणून पुसायचा, आणि नाही आलं म्हटल्यावर त्याचा चेहरा असा खुलायचा, जसं काही आलंच!

एकदा त्यानं रानातली बोरं आणली. रितानं त्यातली मूठभर आधी तसबिरीपुढे ठेवली.

"देवाले आंबट चालते काय?"

"त्याले सगळंच चालते. भोळा आहे."

"आणि त्याची पुजारीण?"

"ती भोळी नाही," रिता म्हणाली. पण आंबट बोर स्वतः घेऊन पिकलेलं तिनं त्याच्याकडे सरकवलं... आणि ते त्यानं पाहिलं.

पाहिलं आणखी एकीनं. रिताची आई गिरजाबाई दुपारी डबा घेऊन यायची. तो गेल्यावर तिनं डब्याचं झाकण जरा जोरातच उघडलं. "हा पोट्टा रोज काहून येते वो? त्याचा लॅपटॉप आहे का म्हातारी मावशी, रोज तब्येत पुसाले?"

"काम चालू आहे, आई."

"दिसते मले कोणतं काम चालू आहे." गिरजाबाई हसली, मग गंभीर झाली. "किती वर्षं सांगून राहिली, सोळा सोमवार धर. तू ऐकत नाही. रोजचं पाणी घालतेस ते चांगलंच आहे, पण देवाले मनातलं मागावं पण लागते."

आजवर रिता हा विषय हसून टाळायची. त्या दिवशी मात्र मान खाली घालून म्हणाली, "धरते."

गिरजाबाईनं हातातलं झाकण खाली ठेवलं. मग तिनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "धर. पण एक लक्षात ठेव बाई, मी माह्या आईपासून ऐकलं आहे. जे मागशील ते उद्यापनापर्यंत तोंडाबाहेर काढायचं नाही. कोणालेच नाही. बोलून दाखवलं की फळ जाते."

माघातल्या पहिल्याच सोमवारी, थंडगार फरशीवर उभं राहून रितानं संकल्प सोडला. काय मागितलं, ते पिंडीनं ऐकलं आणि तिनं. तिसऱ्या कुणी नाही.

दुसरं कार्ड आलं ते जागेवर नीट बसलं. बटन दाबलं, पंखा फिरला... आणि पडदा काळाच.

"गेलं?" कुलदीपनं विचारलं.

"गेलं नाही. लॅपटॉप त्याले ओळखून नाही राहिला. त्याच्या डोक्यात अजून जुन्याचंच नाव आहे. नवीन ओळख शिकवावी लागन. वेळ लागते."

"लागू द्या. मले कुठे घाई आहे?"

"हैदराबादले असन न घाई?"

"हैदराबाद काय पळून जाते?" तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, आणि दोघंही बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडेच पाहत राहिले. काळ्या पडद्यात माणसांचे चेहरे चांगले दिसतात. शेजारी शेजारी.

एकदा तिच्या मनात आलं, सांगून टाकावं, नाही होत म्हणून. त्यानं विश्वास ठेवला असता. गेम अडला असता, नोकरी अडली असती, आणि तो असाच बोरं घेऊन येत राहिला असता. पण खोटं बोललेल्या तोंडानं उद्या सकाळी पिंडीपुढे काय म्हणायचं? ती खुर्ची ओढून कामाला बसली. लॅपटॉपच्या मुळातल्या प्रोग्रॅमला नव्या कार्डाची ओळख पटवली. पडदा उजळला, तेव्हा दुकानात ती एकटीच होती.

आणि मग तिच्या हातून एक लहानसं पाप घडलंच. तिनं लॅपटॉप आणखी दोन दिवस ठेवून घेतला.

"झाला काय जी?" कुलदीपनं दारातूनच विचारलं.

"झाला... पण चिपेवर पेस्ट लावली आहे न. ती सुकून राहिली."

तो आत आला. नेहमीच्या जागी बसला, नेहमीसारखा वाकला. "मॅडम... ती पेस्ट सुकवायची नसते. मी व्हिडिओत पाहिलं आहे."

रिताच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पण तुम्ही म्हणता तर," तो हळूच म्हणाला, "सुकू द्या. नीट सुकू द्या. उद्याही येतो."

मग त्यानं गेम लावला. बाबूजी डावा पाय ओढत खाणीत उतरले. कपाळावरचा दिवा वळला, आणि काळ्या दगडाचा कण न् कण चमकला. या वेळी ते थिजले नाहीत. चालत राहिले. खाणीच्या तोंडाशी कपारीत एक इवलीशी पिंड होती, तिच्यावर पाण्याचा थेंब पडत होता. रिता पुढे झुकली.

"ही आधी नव्हती..."

"नाही. नवीन टाकली." त्याचा आवाज आज तिच्याहूनही हळू होता. "कामावर जाणाऱ्या माणसानं आधी महादेवाले पाणी घालावं. असं एका दुकानदारीणबाईपासून शिकलो."

फाल्गुन उतरला. मोहाची फुलं टपटपू लागली, आणि चिखल्याच्या रानातून येणाऱ्या माणसाच्या कपड्यांना त्यांचा गोडसर वास येऊ लागला. तो वास घेऊन कुलदीप एका सकाळी दुकानात आला. खांद्यावर मोठी बॅग, नवा शर्ट.

"नोकरी लागली. संध्याकाळच्या गाडीनं निघतो."

तिनं तसबिरीपुढचा गूळ त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो खाल्ला नाही. मुठीत तसाच धरून उभा राहिला.

"एक विचारू?... म्हणजे घाई नाही. तिकडे जरासा बसलो की... आईले तुमच्या घरी पाठवू काय? बोलणी कराले?"

रस्त्यावरून धानाच्या पोत्यांचा ट्रॅक्टर गेला. टेबलावरचे स्क्रू थरथरले. रिताच्या जिभेवर तो शब्द आला, अगदी ओठांपर्यंत आला. आणि तिथेच तिनं त्याला दातांनी धरून ठेवला. हेच तर मागितलं होतं! हो म्हणणं म्हणजे मागणं बोलून दाखवणं. मान हलवणं म्हणजे तेच. सोमवार अजून बरेच बाकी होते.

तिनं तसबिरीकडे पाहिलं. मग त्याच्या बॅगेकडे.

"पंखा साफ ठेवजा," ती म्हणाली. "तिकडे धूळ असन."

तो वाट पाहत राहिला. तिच्या खाली झुकलेल्या पापण्या वर उठण्याची त्यानं पुष्कळ वाट पाहिली. मग त्यानं गूळ तोंडात टाकला आणि हसायचा प्रयत्न केला. "बरं. परत नाही विचारणार. तुमाले अवघड वाटलं असन तर माफ करजा."

खरं सांगायचं तर त्या दिवशी रिता दुःखी नव्हतीच. तो दिसेनासा झाल्यावर तिनं तसबिरीपुढे डोकं टेकलं. देवानं तर आधीच पदरात टाकलं होतं! आता फक्त पदर झाकून ठेवायचा, उद्यापनापर्यंत. दिवसभर ती मनातल्या मनात हसत होती.

त्याचे निरोप यायचे. "पोहोचलो." "इथे वरणात चिंच टाकतात." ती जपून, मोजकं लिहायची. बोटांतून काही सांडू नये म्हणून. मग त्याचे निरोप कमी झाले. कामात असेल, तिनं समजून घेतलं. ऊन चढलं, तलावांचं पाणी तळाला गेलं, देवळाची फरशी सकाळीही तापलेली असायची. ती एकेक सोमवार पाण्याच्या घोटावर काढत राहिली. आणि प्रत्येक सोमवार तिला त्याच्या जवळ नेतो आहे, अशी तिची खात्री होती.

उद्यापन थाटात झालं. जोडपी जेवून गेली, चुरम्याचा प्रसाद वाटला. दिवेलागणीला गिरजाबाई लेकीची दृष्ट काढत म्हणाली, "आता सांग मले. काय मागितलं होतंस?"

"आधी ज्याले सांगायचं त्याले सांगते," रिता लाजून म्हणाली आणि फोन घेऊन मागच्या अंगणात गेली. नाव शोधलं. दाबणार, तोच फोन वाजला. कुलदीप!

तिनं डोळे मिटले. धन्य आहे महादेवा तुझी...

"मॅडम, चांगलीच पंचाईत झाली. पडदा काळा पडला. पंखा फिरते, पण काहीच दिसून नाही राहिलं."

"पडला-बिडला होता काय?"

"टेबलावरून सरकला जरासा."

"मंग कार्ड हललं असन. घाबरू नका. बॅटरी काढा, मागचं झाकण खोला." तिचा आवाज आनंदानं भरलेला होता. हे काम होऊ दे, मग सांगू. मग हसत तरी ऐकेल. "आणि एवढी घाई कायची?"

"परवा गावाले निघायचं आहे. त्याच्या आधी कंपनीचं काम द्यायचं आहे. तिकडे साक्षगंध आहे न."

"कोणाचा?"

"माहा."

अंगणातल्या तुळशीपाशी रिता खाली बसली.

"कोंढा गावची आहे," तो सांगत राहिला. स्क्रू काढल्याचे बारीक आवाज येत होते. "खुशबू नाव आहे. आईनं पाहिली. मले विचारलं... मी काय म्हणणार? जिथे विचारायचं तिथे विचारून झालं होतं." एक स्क्रू खणकन टेबलावर पडला. "पोरगी चांगली आहे. तुमच्यासारखीच उपासतापास करते. सोळा सोमवार केले म्हणे तिनं. मागच्या सोमवारी उद्यापन झालं, आणि मंगळवारी आमच्या घरून होकार गेला. तिची आई रडलीच म्हणे. देवानं ऐकलं म्हणून."

रिताचं तोंड मोकळं होतं आता. व्रत पुरं झालेलं, साखरपुडा अजून व्हायचा. एक शब्द पुरला असता. पण तिच्या डोळ्यांपुढे एक न पाहिलेली मुलगी उभी राहिली. कोंढ्याच्या कुठल्याशा देवळात, तापलेल्या फरशीवर, अनवाणी. तिनंही ओठ दाबूनच धरले असतील. तिनंही पाण्याच्या घोटावरच दिवस काढले असतील. आणि पिंडीपलीकडचा ऐकणारा तर एकच.

"मॅडम? आहात न?"

"आहो."

"त्या दिवशी... तुम्ही काही बोलणार होत्या काय?"

ती खोटं बोलू शकली असती. "बोलणार होती," ती म्हणाली.

पलीकडे स्क्रूड्रायव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला.

"रिता..." त्यानं पहिल्यांदा तिला नावानं हाक मारली.

"आता राहू द्या, कुलदीपजी. त्या पोरीनं पण मागून घेतलं आहे. कार्ड हातात घ्या. तिरपं धरा. खोबणीत घाला आणि हळूच खाली दाबा. जोर नका लावू."

मग एक बारीकसा खट् आवाज.

"बसलं?"

"बसलं."

"स्क्रू लावा. चालू करा."

पंखा फिरला. तिनं वाट पाहिली.

"दिसून राहिलं?"

"हो," त्याचा आवाज ओला होता. "सगळं दिसून राहिलं आता."

"मंग सुखानं राहा," म्हणून तिनं फोन ठेवला.

गिरजाबाई दारात केव्हाची येऊन उभी होती. लेकीचा चेहरा पाहून ती जवळ आली, खाली बसली. रितानं आईला सगळं सांगितलं, अगदी गुळापासून. रडली नाही. एखाद्याच्या बिघडलेल्या लॅपटॉपबद्दल सांगावं, तसं सरळ सांगत गेली.

गिरजाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "अवो माह्या बाई! मागणं सांगू नको म्हटलं होतं मी. 'जरा थांबा' म्हणाले कोणी मना केलं होतं?"

रितानं तो शब्द मनातल्या मनात म्हणून पाहिला. थांबा. केवढासा शब्द. ना त्यात मागणं, ना वचन. कुठलं व्रत मोडलं असतं त्यानं?

"मले तो सुचलाच नाही, आई," ती म्हणाली. इतकं हळू, की गिरजाबाईला वाकून ऐकावं लागलं. "खरंच... सुचलाच नाही."